ओढ्याकाठचं फूल

पोरींच्या बाबांना,

मला खुळी समजून पत्रात फूल घालायचं काय नडलं होतं? म्हणे, घरामागच्या माळावरचं आहे, तुझी आठवण आली.

अहो, इथल्या बागेत मजुरीला मी गुडघ्यांवर बसून हीच पिवळी फुलं, बटरकपं म्हणतात ती, उपटते. वरून सगळी सारखी. मुकादम ओरडतो, "बाई, तोंड काय बघताय, खालून बघा." कोरड्या माळावरच्या फुलाखालची हिरवी पानं देठाकडे मुडपलेली असतात. तुमच्या फुलाची पाकळ्यांना बिलगून बसलीत. हे ओलीतलं फूल. आणि आपल्याकडे ओल फक्त ओढ्याकाठी, शिंपिणीच्या दारात.

घरचा जिना चढताना धाप लागते तुम्हाला, तिथवर बरे जाता. अंगात एक धड सदरा नाही, मग ती शिवते तरी काय?

मी बरी आहे. खोली कोरडी आहे, हातांवरचे फोडही बसले. थोरलीचा खोकला थांबला का? तुम्ही तिकडे असता तेव्हा धाकटीजवळ कोण झोपतं?

त्या शिंपिणीचं दार सोडताय, की मी येऊन पोरींना घेऊन जाऊ, ते शनिवारच्या आत कळवा.

पोरींची आई