सॉरीचं मूळ
शिवाजी नगर, भोपाळ. रथसप्तमी, संध्याकाळ.

आज घरी हळदीकुंकू केलं. आनंद नगरहूनसुद्धा बायका आल्या. समोरच्या दारातल्या काकूंना मात्र मी बोलावलं नाही. काका गेले ना गेल्या वर्षी, म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं, माझं मीच ठरवलं. सासूबाई म्हणाल्या, “बरं केलंस.”

सगळ्या गेल्यावर काकू आल्या. हातात तिळाच्या वड्यांचा डबा, दरवर्षीसारखा. “उशीर झाला का गं मला?” मी “सॉरी काकू” म्हणून मोकळी झाले. त्या डबा ठेवून गेल्या.

मग उद्या शाळेत घ्यायच्या आठवीच्या इंग्रजीच्या तासासाठी शब्दांची मुळं काढायला बसले, तर नेमका सॉरी समोर आला. त्याचं मूळ म्हणे दुखण्यात आहे, ठणकणाऱ्या जखमेत. म्हणजे म्हणणाऱ्याला दुखायला हवं. मला कुठे काय दुखलं? दुखलं ते काकूंना. डबा अजून ओट्यावर तसाच आहे.

नाही, हे असं ठेवायचं नाही. आत्ता जाते आणि काकूंना हाताला धरून इथे आणते. डबा त्यांच्यासमोरच उघडायचा. त्यांना कुंकू मी लावणार, आणि मला त्यांनी लावायचं.

सासूबाई बघतील. बघू देत.