थेंब पोटात घेतलेले बुडबुडे

प्रिय ताई,

सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. तुझ्याकडे एक मागायचं आहे, ते फोनवर जमत नाही. तू 'कशी आहेस' विचारतेस, मी 'मजेत' म्हणून मोकळी होते आणि मग तू मुलांच्या परीक्षांवर घसरतेस. कागदावर निदान तुला मध्ये तोंड घालता येणार नाही.

आमची धाकटी बुडबुडे काढायचा पगार घेते, असं तू सगळ्यांना सांगतेस ना, तर या महिन्यात तिने त्या पगाराचं चीज केलं. आमच्या प्रयोगशाळेतले बुडबुडे केसाहून बारीक. प्रत्येकाच्या पोटात द्रवाचा एक थेंब आणि त्याभोवती हवा. त्यांच्यावर कानाला ऐकू न येणारा आवाज सोडायचा, सोनोग्राफीत असतो तसा, आणि वेगवान कॅमेऱ्यातून बघत बसायचं. साधा बुडबुडा आवाजाबरोबर जितका फुगतो तितकाच आक्रसतो. आमचे मात्र मजेत फुगायचे आणि आक्रसताना अडायचे. आठवडाभर मी कॅमेऱ्याच्या नावाने बोटं मोडली. दुरुस्तीवाल्याला बोलावलं, तो बिचारा भिंग पुसून गेला. मग डोक्यात प्रकाश पडला. कॅमेरा ठणठणीत होता. हवा दाबली जाते, आतला थेंब दाबला जात नाही, एवढंच. पुढेमागे त्या थेंबात औषध भरून, हव्या त्या जागी बुडबुडा आवाजाने फोडता येईल. हे उमगलं तेव्हा कुणाला तरी सांगावं म्हणून मी वळले, तर मागे रिकामी खुर्ची. तिच्यावर मी पर्स ठेवते. फार एकटं वाटलं गं.

घरीही तेच. आल्या आल्या रेडिओ लावते, कुणी बोलत असलं की हात चालतात. एकटीपुरतं रांधणं मला अजून साधलेलं नाही. रोज उरतं, तेच दुसऱ्या दिवशी डब्यात. लहानपणी मला ताप आला की तू माझ्या उशाशी बसून अभ्यास करायचीस आणि मी जागी आहे का ते पुस्तकाआडून बघायचीस. मी मुद्दाम डोळे ताणून जागी राहायचे, तू उठून जाऊ नयेस म्हणून.

आता खरं सांगते. पोट दुखत होतं म्हणून तपासून घेतलं, तर यकृतात गाठ निघाली. ती कसली आहे हे कळण्यासाठी डॉक्टर माझ्या शिरेतून बुडबुडे सोडून पुन्हा सोनोग्राफी करणार आहेत. आमच्याच जातीतले, फक्त बिनथेंबाचे. त्या बुडबुड्यांबद्दल मी इतकं विचारलं की डॉक्टरांनी हसून हात जोडले. गाठीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. मला भीती वाटते, ताई. निघताना नर्सने विचारलं, सोबत कोण येणार आहे. तुला काहीच माहीत नव्हतं, तरी माझ्या तोंडून निघून गेलं की माझी ताई येणार आहे. पुढच्या शुक्रवारी सकाळी जायचं आहे. ये ना.

तुझीच,
शेंडेफळ