सात नंबरचा गुडघा

नावन (आयर्लंड), ८ मार्च २०२५

तुझ्या पोरीचा गुडघा फाटलाय आणि तू तिच्या नावानं जगाला कळवून मोकळी झालीस, की तीस तारखेला फायनल खेळणार म्हणून. आधी हे वाच, आशीर्वाद मागनं.

चि. मृणालिनीस आशीर्वाद. फोनवर तू माझं बोलणं तोडतेस, म्हणून कागद.

क्षितिजा नाताळात इथं आली तेव्हा जिना बसून उतरायची. विचारलं तर ग्रँड म्हणाली, म्हणजे एकदम छान. इथं हात मोडलेला माणूसही ग्रँडच म्हणतो, तेच उचललं तिनं. परवा तिनं गुडघ्याच्या स्कॅनचे फोटो मामाला धाडले. मकरंद पडला डॉक्टर, पेशंटचं गुपित म्हणून तोंड उघडेना. मी ताट वाढलं नाही, तेव्हा उघडलं. आतली दोरी अर्धी तुटलीय म्हणे. आत्ता ऑपरेशन केलं तर वर्षानं खेळेल. तसल्याच पायावर उडी मारून पडली, तर हँडबॉल कायमचा संपला.

पोरगी हॉलंडच्या क्लबची असेल, गुडघा तिचा एकटीचा आहे. नेटवर लिहिलंयस ते काढून टाक.

आई

आर्नहेम, १४ मार्च

ती. आईस शि. सा. न.

पत्र मिळालं. मकरंदनं मला, तिच्या आईला, सांगू नये? क्लबलाही ती नुसती सूज म्हणून सांगतेय.

आई, इथं लहान मुली सात नंबरचा शर्ट घालून तिचा नुसता सराव बघायला येतात. फायनलची तिकिटं संपलीत. तिला लिहायचा कंटाळा, म्हणून तिचं नेटवरचं पान दोन वर्षं मीच चालवते. लोक सारखे विचारत होते, म्हणून खेळणार असं लिहिलं. तिला दाखवलं. ती गप्प बसली, म्हणजे हो, असं मी धरलं. आता माघार घेतली तर लोक भित्री म्हणतील गं. मी काय करू?

जेवणखाण वेळेवर कर. माया असू दे.

तुझी मृणालिनी

नावन, २० मार्च

चि. मृणालिनीस आशीर्वाद.

गप्प म्हणजे हो, असं मी तुझ्या लग्नाच्या वेळी धरलं असतं, तर आज तू कराडच्या त्या आडत्याच्या घरी सासूचे टोमणे खात असतीस. तुला विचारलं, म्हणून तू नाही म्हणालीस.

मकरंदवर चिडू नकोस. फोटोखाली तिनं काय लिहिलं होतं ते काल त्यानं वाचून दाखवलं. ‘मामा, आईला सांगू नको. तिनं सगळ्यांना सांगून टाकलंय.’ तुझा शब्द खाली पडू नये म्हणून पोरगी पाय द्यायला निघालीय.

भित्री म्हणणाऱ्यांना म्हणू दे. उद्या तिला धरून न्हाणीत न्यायला त्यातलं एक येणार नाही.

हे पत्र तिला जसंच्या तसं वाचून दाखव, मधे तुझं काही घालू नकोस. मग खोलीतनं बाहेर जा आणि दार ओढून घे. माया आहेच, ती काय मागायची गोष्ट आहे?

खेळायचं की नाही ते तिनं मला लिहायचं, येईल तसल्या मराठीत. चौथी शिकलेय, पण तुझं अक्षर ओळखते. तुझ्या हातचं पाकीट आलं तर मी उघडणार नाही. उत्तर क्षितिजाचं पाहिजे.

आई