छातीवरची फीत

पनवेल,
१८ जानेवारी १९६५

प्रिय तुळशीराम,

तुझं पत्र पोचलं. साहेबांशी रजेचं बोलून बघतो, जमलं तर तेराव्याला येतो, असं लिहिलं आहेस. 'जमलं तर' हे शब्द तुझे नव्हेत, पुण्याच्या कचेरीत बसून बसून तुला चिकटलेत. शाळेत असताना ते तुझ्या तोंडून निघाले असते तर ओक सरांनी तुझा कान उपटला असता. हे रागाने लिहीत नाही. रामू गेल्यापासून मला रागही येत नाही आणि रडूही येत नाही. हाताशी आलेला मुलगा गेला, आणि मी ठणठणीत कोरडा आहे. भामाने माझ्याशी बोलणं टाकलं आहे.

त्या दिवशी मी काय केलं ते सांगतो. आळीतली माणसं जमू लागली तशा मी ओटीवर चटया अंथरल्या. जासईहून भामाच्या माहेरची माणसं ट्रकमधून आली, तेव्हा दारात उभं राहून म्हाताऱ्यांना आधी आत घेतलं. बायकांना पाणी पोचलं का ते पाहिलं. रामूच्या वर्गातली मुलं उन्हात उभी होती, त्यांना शेजारच्या पडवीत बसवलं. बांबू, मडकं, गोवऱ्या, कशाला म्हणून उशीर झाला नाही. गाढी नदीवरून परतताना आमचे जुने हेडमास्तर सवयीने बोलून गेले, की मास्तर, तुमची व्यवस्था म्हणजे बघायला नको. बोलले आणि जीभ चावली. मी हात जोडले, संमेलन संपल्यावर पाहुण्यांना जोडतो तसेच.

हे आपल्याला ओक सरांनी लावलेलं वळण. तुला आठवत असेल, स्नेहसंमेलनाच्या सकाळी ते स्वयंसेवकांना ओळीत उभं करून एकेकाच्या छातीवर लाल फीत टाचायचे. फीत लागली की बसायचं नाही, पाहुण्याच्या आधी पाणी प्यायचं नाही, आणि आपलं दुखणंखुपणं फीत उतरल्यावर सांगायचं. आपण दोघं आगरातली पोरं, मिठाच्या टोपल्या वाहिलेली, आपल्याला उभं राहण्याचं काय कौतुक? पण आपल्या छातीवर काहीतरी लावावं असं कुणाला वाटलं, याचंच आपल्याला अप्रूप होतं. पडद्याची दोरी धरून आपण चार वर्षं नाटकं केली आणि एकही समोरून पाहिलं नाही. शेवटच्या अंकात कोण मेलं ते तुला नि मला कळायचं नाही, पलीकडून बायकांच्या रडण्याचा आवाज आला की तू म्हणायचास, चल, आता पडदा पाडायचा.

पुढे त्याच शिकवणीवर माझं नाव झालं. नेऱ्याला शाळेच्या इमारतीचं उद्घाटन असो की इथलं संमेलन, बोलावणं मलाच. मुलांना मी सांगायचो, की पुस्तकातलं विसराल, पण शंभर माणसांना जेवू घालून शेवटच्या पंगतीला बसायला शिकलात तर जन्मभर पुरेल. यात खोटं काही नाही, अजूनही मला ते खोटं वाटत नाही. फक्त आपलं दुखत असलं तर बसायला शिकवायचं राहून गेलं.

यंदा रामूच्या छातीवर फीत मीच टाचली. आदल्या दिवसापासून त्याला कणकण होती, हे मला ठाऊक नव्हतं. भामाला होतं. तिने त्याला घरी थांब म्हटलं, तर म्हणाला, "आये, बाबांचा संमेलन हाय, मी नसलो तर लोक काय बोलतील?" दिवसभर विहिरीवरून मंडपात पाण्याचे हंडे नेत होता. चेहरा लालबुंद झालेला मी पाहिला, तुळशीराम. मला वाटलं पोरगं कामाने तापलंय, आणि छाती फुगली माझी. पाहुणे गेले, बाकं परत वर्गात लागली, तेव्हा त्याने फीत काढून खिशात ठेवली आणि मगच मला सांगितलं, की डोकं फार दुखतंय. ताप मेंदूत गेला होता. डॉक्टर म्हणाले, एक दिवस आधी आणला असता तर बघता आलं असतं.

भामाने मला दोष दिलेला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. त्याला ओटीवर ठेवलं होतं तेव्हा तिने एकदाच हाक मारली, "तुमी जरा माज्याजवल बसा." मी म्हटलं, आलोच, जासईची माणसं आलीत. मी दाराकडे गेलो आणि मग माणसं येतच राहिली. तेव्हापासून ती रामूच्या खाटेला टेकून बसलेली असते. मी आत डोकावतो, ती भिंतीकडे बघते, आणि मला लगेच बाहेरचं काहीतरी काम आठवतं. आतून तिचं रडणं ऐकू येतं. मी पुन्हा पडद्यामागेच आहे, पण आता दोरी ओढून हे संपवता येत नाही.

म्हणून हे पत्र. तेरावं शनिवारी आहे. जमलं तर नको, शुक्रवारीच ये, रजा मिळो न मिळो. पळस्प्याला उतरू नकोस, तिथून वाहन मिळत नाही, थेट स्टँडवर उतर. आलास की जेवणाचं, पाण्याचं, जासईकरांना उतरवायचं, सगळं तुझ्या हाती घे. हे काम मी दुसऱ्या कुणाला सोपवलं तर माझं लक्ष तिकडेच राहील. तुझ्यावर सोपवलं तर राहणार नाही, कारण मला माहीत आहे तू पंगत मोडू देणार नाहीस. दारातही तूच उभा राहा. कुणी महादेव मास्तर कुठे आहेत म्हणून विचारलं तर सांग, की आज त्यांच्याकडे काही काम नाही, ते आत भामाजवळ बसलेत.

तुझाच,
महादेव