बोट न ओळखणारं मशीन

सोमवार, ३ तारीख

नवं मशीन आलं. धड कॉम्प्युटर नाही, धड पाटी नाही. दोन्ही आहे म्हणे. पडद्याला बोट लावलं की काम होतं. मेट्रनबाईंनी सांगितलं, की जुना कॉम्प्युटर पुढच्या शुक्रवारी जाईल आणि त्यानंतरचा ड्यूटी चार्ट नव्यावरच निघायला हवा. नाही जमलं तर सांगा, वॉर्डवाल्या आपापलं बघतील, असंही म्हणाल्या. हसत म्हणाल्या. मला ते हसणं आवडलं नाही.

या हॉस्पिटलात कुठली सिस्टर कुठल्या पाळीला येणार, हे मी ठरवतो. चार्ट शनिवारी निघतो, सोमवारी लागू होतो. तोच काढून घेतला तर माझ्याकडे उरते स्टेशनरीच्या कपाटाची किल्ली. आणि कपाट एरवी उघडंच असतं.

संकल्प : दोन दिवसांत मशीन आत्मसात करणे. तिसऱ्या दिवसापासून इतरांना शिकवणे. मी घाबरलेलो नाही, हे नोंदवून ठेवतो.

मंगळवार, ४

मशीन मोडलं.

जरा सरकवावं म्हणून पडद्याला धरून उचललं, तर खट् झालं आणि पडदा हातात आला. कीबोर्ड टेबलावर तसाच. सुदैवाने खोलीत कोणी नव्हतं. दोन्ही तुकडे टॉवेलात गुंडाळून कपाटात, जाड रजिस्टरांच्या मागे ठेवले. कपाटाला कुलूप. दिवसभर जो तो कागद मागायला येत होता. कपाट बिघडलंय, असं सांगितलं.

घरी ही म्हणाली, चेहरा का उतरलाय. म्हटलं, नव्या तंत्रज्ञानाचा अभ्यास चालू आहे. जेवण गेलं नाही.

बुधवार, ५

कॉम्प्युटर विभागातली चष्मेवाली मुलगी आली आणि मशीन कुठे आहे म्हणाली. कपाट उघडावं लागलं. टॉवेलाची गाठ सोडताना माझ्या कपाळावर घाम. तिने पडदा कीबोर्डवर टेकवला, खट् झालं, बसला. काका, ते तसंच निघतं, निघावं म्हणूनच तर घेतलंय, असं म्हणाली. मी म्हटलं, माहीत आहे, सांधा तपासत होतो. टॉवेल कशाला, हे तिने विचारलं नाही. चांगल्या घरची दिसते.

दुपारी अक्षरं आडवी झाली. मी मशीन फिरवलं, तर अक्षरंही फिरली. पुन्हा फिरवलं, ती पुन्हा फिरली. शेवटी मशीन जागच्या जागी ठेवून मीच टेबलाला वळसा घातला. मार्ग निघतो. डोकं शांत हवं.

गुरुवार, ६

सरावासाठी घरी आणलं. मशीन माझं बोट ओळखत नाही. मी लावतो, ढिम्म. हिने लावलं, लगेच उघडलं. हिच्या हाताला साबण होता म्हणून हिने कोपर लावून पाहिलं, कोपरानेही उघडलं.

मेव्हणा आला होता. त्याला जगातलं सगळं कळतं. म्हणाला, भावोजी, माणसाच्या अंगात बारीकसा करंट असतो, तो पडद्याला कळतो. तुमच्यात करंटच उरलेला दिसत नाही. आणि मग चहा मागितला.

मी त्याच्या बोलण्याकडे लक्ष देत नाही. नाडी पाहिली. आहे. थोड्या वेळाने पुन्हा पाहिली. आहे, पण बारीक आहे.

शुक्रवार, ७

हृदयाच्या डॉक्टरांना जिन्यात गाठलं. एका ओळखीच्या माणसासाठी विचारतोय, असं म्हणून करंटचं विचारलं. त्यांनी माझीच बोटं चोळून पाहिली आणि कोरडी आहेत, क्रीम लावा म्हणाले. मग घाईघाईने वर निघून गेले. काहीतरी लपवत होते. डॉक्टर लोक तोंडावर सांगत नाहीत.

क्रीम लावलं. बोट घसरलं आणि मशीनवर कुठलंसं गाणं सुरू झालं, ते बंद होईना. शेवटी वर उशी दाबून धरली. ही म्हणाली, रिटायर व्हायला वेळ आहे अजून, आत्तापासून कशाला मरताय.

सोमवार, १०

या आठवड्याचा चार्ट जुन्यावरच काढला. घाई कशाला? नव्याचा पाया आधी पक्का व्हायला हवा.

आज लक्षात आलं, की मशीनला पुढे एक डोळा आहे आणि पाठीलाही एक. सरळ ठेवलं की पुढचा माझ्याकडे बघतो. पालथं घातलं, तर पाठीचा छताकडे बघायला हवा, पण मी वाकलो की तोही माझ्याकडेच. ड्रेसिंगच्या खोलीतून चिकटपट्टी आणून दोन्ही डोळ्यांवर लावली. ही भीती नव्हे. खबरदारी आहे.

मंगळवार, ११

जिंकलो.

युक्ती साधी आहे. आयुष्यभर कागद उलटले, आणि बोट ओलं केल्याशिवाय कधी पान उलटलं नाही. त्यासाठी टेबलावर ओल्या स्पंजची डबी असते. सवयीने बोट तिच्यात टेकवलं आणि पडद्याला लावलं, तर उघडलं. ज्यांनी हे मशीन बनवलं त्यांनाही हे सुचलं नसेल. म्हणजे माझ्यात करंट आहे, त्याला फक्त पाणी लागतं.

चष्मेवालीने पाहिलं. काका, पाणी नको हो पडद्यावर, तो स्वतःच्या मनाने चालायला लागतो, असं म्हणाली. तरुण पिढीला पटकन मत्सर वाटतो. स्पंज मात्र मोठा घेतला.

शुक्रवार, १४

जुना कॉम्प्युटर गेला. वॉर्डबॉय पेशंटची ट्रॉली घेऊन आले, तिच्यावर त्याला आडवा ठेवला आणि वर हिरवी चादर टाकली, धूळ लागू नये म्हणून. लिफ्टपर्यंत मी बरोबर गेलो. लिफ्टमधल्या एका बाईंनी कोण होतं म्हणून विचारलं. मी चादरीचं टोक नीट केलं.

उद्या चार्ट. नव्यावर. झोप येत नाही. दुपारचं जेवण जड झालं असावं.

शनिवार, १५

संपलं सगळं.

चार्ट सुरेख झाला होता. शेवटचं नाव राहिलं, म्हणून बोट स्पंजात बुडवलं. जरा जास्तच बुडलं. पाण्याचा थेंब पडला तो नेमका 'ऑफ' लिहिलेल्या चौकटीवर. तो खाली ओघळला, आणि जिथून ओघळला तिथल्या सगळ्या सिस्टर 'ऑफ'. मी टॉवेलाने पुसलं. टॉवेलही ओला. पडदाभर 'ऑफ'. पाणी निथळावं म्हणून मशीन उलटं धरलं, तर अक्षरंही उलटी झाली, आणि त्या उलट्या अक्षरांत मशीनने काहीतरी विचारलं. मी मान वाकडी करून वाचतोय तोवर आणखी एक थेंब.

'पाठवले.'

सगळ्या वॉर्डांना. सगळ्या सिस्टरांच्या फोनवर. सोमवारपासून आठवडाभर आख्ख्या हॉस्पिटलला सुट्टी.

मशीन बंद केलं. चष्मेवाली घरी गेली होती. मेट्रनबाईंच्या दारापर्यंत गेलो. दार बंद होतं. वाजवलं नाही.

रविवार, १६

उद्या सकाळी रात्रपाळीच्या सिस्टर घरी जातील आणि त्यांच्या जागी कोणी येणार नाही. आयसीयूत मशीन वाजत राहील आणि ऐकायला कोणी नसेल. डोळ्यांसमोरून हलत नाही ते. कोणाला काही झालं तर तो माझ्या बोटाचा प्रताप.

मेट्रनबाईंना फोन केला. बिझी. हायसं वाटलं, आणि त्याची लाज वाटली. वॉर्डात केला. कोणीतरी सिस्टर हॅलो हॅलो करत राहिली, माझा आवाजच फुटेना. रिपोर्ट हवा असेल तर खाली लॅबला विचारा, असं म्हणून तिने ठेवला.

हिला सांगितलं. ही आधी हसली, मग हसायची थांबली. अहो, जीव आहेत तिथे माणसांचे, उठा आणि जाऊन सांगा, म्हणाली. म्हटलं, निघालोच आहे, फक्त शर्टाला इस्त्री करतो. इस्त्री नीट व्हायला हवी होती. ती होईपर्यंत संध्याकाळ झाली. मग वाटलं, रविवारी संध्याकाळी मोठ्या माणसांना त्रास देणं बरं नव्हे.

ही माझ्याशी बोलत नाही.

राजीनामा लिहिला. पेनने, कागदावर. न्हाणीघरात नळ सोडून थोडा वेळ बसलो, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

सोमवार, १७

उजाडताच गेलो. ठरवलं होतं, कोणी नसेल तर मीच भांडी उचलीन, पाणी देईन, घरोघर जाऊन एकेकीला घेऊन येईन.

पहिल्या वॉर्डात सिस्टर होत्या. दुसऱ्यातही. आयसीयूच्या काचेतून पाहिलं, रात्रीची सिस्टर सकाळच्या सिस्टरला पेशंट समजावून देत होती. रोजच्यासारखी. मी भिंतीला टेकलो. डोळे भरून आले. कोणाला काही झालं नव्हतं.

वाटलं, माझी चूक पोटात घालून सगळ्या आपणहून आल्या. सगळ्यांत जुन्या सिस्टर आहेत, त्यांना सगळे ताई म्हणतात. त्यांना जाऊन म्हटलं, तुमचे उपकार फेडता येणार नाहीत. ताईंना कळेना कसले उपकार. चार्टमध्ये सगळ्या ऑफ होत्या ना, म्हटलं. कुठल्या चार्टमध्ये, म्हणाल्या.

मग समजलं. कुणाची मुलं, कुणाची सासू, कुणाची परीक्षा, यावरून त्या आपसांत फोनवर पाळ्या ठरवतात. कधीपासून, विचारलं. ताईंनी शेजारणीला विचारलं. तिलाही आठवेना. ती स्वतः इथे येण्याआधीपासून असंच आहे, एवढंच म्हणाली.

मेट्रनबाईंकडे गेलो. चार्टबद्दल सांगायला तोंड उघडलं, तोच म्हणाल्या, चार्ट आला का, बरं झालं, सवडीने बघते.

राजीनामा दिला नाही. कारण काय लिहिणार?

मंगळवार, १८

विचार केला. याचा अर्थ असा, की मी इतकी वर्षं लावलेली शिस्त आता अंगवळणी पडली आहे. चार्ट न बघताही त्या चार्टप्रमाणे वागतात. हिला हे सांगितलं. ही उठून माझ्याजवळ येऊन बसली. तिने तसं बसायला नको होतं. फार भीती वाटली.

दुपारी ताई मुद्दाम माझ्या टेबलापाशी आल्या. या वेळी चार्ट फक्त फोनवर आला, कागद आलाच नाही, असं का, म्हणाल्या. मी सावरून बसलो. विचारलं, कागदाशिवाय अडचण होते ना? होते तर, म्हणाल्या. वॉर्डाच्या दारापाशी भिंतीला ओल आली आहे, तिच्यावर तुमचा चार्ट लावतो. या आठवड्यात ती उघडी पडली, येणारे-जाणारे बघतात.

नव्या मशीनवरून मोठ्या कागदावर छापता येतं का, हे चष्मेवालीला विचारून ठेवलं आहे. येतं म्हणाली. ताईंचं म्हणणं, मोठाच बरा. ओल वाढतेय.