उंबऱ्याखालची माती

अण्णा, तुम्ही होतात तोवर मी कॉलेजच्या लॅबमध्येच होते, त्यामुळे आता मी काय करते हे तुम्हाला ठाऊक नाही. मी माती साफ करते. इथं आखातात, रास अल खैमा शहराच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याला एक जुनं यार्ड आहे. तेलविहिरींतले वापरलेले पाइप पूर्वी तिथं आणून हातोड्यानं झोडून साफ करायचे. तेलाबरोबर जमिनीखालचं पाणी वर येतं, ते पाइपच्या आत दगडासारखा थर धरतं, आणि त्या थरात किंचित रेडियम असतं. तेव्हा ते कुणी मनावर घेतलं नाही. थर फोडला, पोलाद विकलं, भुगा वाळूत राहिला. आता ती वाळू खरवडून आम्ही ड्रममध्ये बंद करतो आणि ड्रम परवाना असलेल्या साठवणीत पाठवतो. पडून राहिलेले पाइप बंदिस्त जागेत पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं धुतो, किरणोत्सार मोजणाऱ्या मीटरनं तपासतो, मग स्वच्छ पोलाद भट्टीकडे जातं. तुम्ही धुळीतून सोनं काढायचात, मी पोलादावरून धूळ काढते. तुम्हाला हा धंदा उलटा वाटला असता, पण परका वाटला नसता.

कऱ्हाडचं आपलं सोनारकामाचं दुकान मला रोज आठवतं ते दारातल्या गोणपाटामुळे. लोक घरात येताना पाय पुसतात, आपल्याकडे दुकानातून बाहेर जाताना पुसायचे. बी.एस्सी.ला असतानाची ती दुपार: मी तुमचा डबा देऊन घाईनं निघते, गोणपाट ओलांडून थेट रस्त्यावर. तुम्ही फुंकणी खाली ठेवता आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं ओरडता, "ए कॉलेज! मागं फीर! दुकान घेऊन चाललीस पायाला!" समोरचा शिंपी खो-खो हसतो. मी धुमसत परत येते, तळवे घासते. त्या दिवाळीनंतर तुम्ही गोणपाट जाळलंत, दाराजवळची फरशी उचललीत, आणि ती राख नि खालची माती झारेकऱ्याकडून धुऊन घेतलीत. केरातलं सोनं काढणारा तो म्हातारा निघालेले कण तुमच्या तळहातावर ठेवून गेला. त्याची तुम्ही मला नाकातली चमकी केलीत. "हे तुझ्या पायाचं," म्हणालात. "केर मधे दिसतो, माल उंबऱ्याशी साठतो. माणूस थबकतो, तिथंच झडतो." यार्डात दागिने चालत नाहीत, म्हणून कामावर जाताना ती चमकी मी गाडीत काढून ठेवते.

गेल्या महिन्यात यार्ड जवळजवळ संपलं होतं. उरली होती पूर्वी पाइप झोडायची ती जुनी शेड, जिथं आता कामगारांची मेस होणार होती. मीटर सगळीकडे मर्यादेच्या आत. दारातही आतच, पण किंचित चढा, आणि दारातलं काँक्रीट बाकी जमिनीपेक्षा नवं. मी सही केली की माणसं तिथं जेवायला बसणार. दुसऱ्या कुठल्या जागी हाच आकडा मी बिनदिक्कत मान्य केला असता. मग इथं का नाही? हे शास्त्र, की सोनाराच्या पोरीचा हट्ट? बराच वेळ त्या दारात उभी राहिले, आणि उंबरा फोडायला सांगितला.

कंत्राटदार आपलाच मराठी, पण लहानपणापासून इकडेच, करामा वस्तीत वाढलेला. "मॅडम, मशीन पास म्हणतंय, तुम्ही कशाला नापास करताय? यल्ला, सही करा. गुरुवारी हँडओव्हर, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला म्हणालात तेव्हाच गुरुवार गेला, साहेब."

फोरमन कोकणातला. तो कानाला हात लावून म्हणाला, "उंबरो फोडूचो? आमच्यात उंबऱ्यावर कोण बसत पण नाय."

"बसायचं नाहीये. फोडायचाय."

"आणि काही निघालं नाही तर?" कंत्राटदारानं विचारलं. "मग पुढच्या साइटवर मी दुसऱ्या मॅडम आणणार."

"आणा. पण आधी हा फोडा."

मास्क चढवले, धूळ उडू नये म्हणून पाणी मारलं, ब्रेकर चालला. नव्या काँक्रीटखाली जुना उंबरा निघाला, आणि त्याच्या फटीत, खाली, राखाडी खडखडीत भुगा दाबून बसलेला. मीटर असा कडकडला की फोरमन दोन पावलं मागं सरला. जेवायला निघताना बूट आपटून झाडायची माणसांची सवय, दुसरं काय! मीटर शांत होईतो आम्ही खणलं, सगळं ड्रममध्ये भरलं, स्वच्छ वाळू घातली, पुन्हा तपासलं आणि मग मी सही केली. काहीच निघालं नसतं तरी फोडणं बरोबर ठरलं असतं का, हे मी स्वतःला त्यानंतर बऱ्याचदा विचारलंय. असतं. मी पुन्हा फोडेन.

मेस आता सुरू झालीय. काल मीही तिथं भात नि माशाची आमटी जेवले. माणसं नव्या पायपुसण्यावर पाय पुसून आत येत होती. मी निघताना पुसले. फोरमन हसला, "मॅडम, उलटा करताव तुम्ही."

हे पत्र वहीतच राहील, पाठवायचं तरी कुठं? एवढंच सांगायचं होतं. उंबरा फोडला त्या दिवशी शेडमधून परतताना कंत्राटदारानं विचारलं होतं, "कसं ओळखलंत हो?" मी म्हणाले, "अनुभव." कुणाचा, ते त्यानं विचारलं नाही, आणि अण्णा, मीही सांगितलं नाही.