भट्टी विझवायला गेलेला माणूस

रविवार, १४ जून

प्रिय दादा,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून वहिनीच्या हाती हे पत्र देते आहे. आम्ही ठीक. आईचा गुडघा जसा होता तसाच. तुमच्या संपावरून गल्लीत रोज वाद होतात आणि मी रोज तुझ्या बाजूने भांडते.

काल आईला घेऊन गाण्याला गेले होते. आपला खरखऱ्या, त्या घोगऱ्या आवाजाचा गायक. ज्याची गाणी आपण अंथरुणात पडून म्हणायचो, तो दहा हातांच्या अंतरावर उभा होता. आई म्हणाली, "एवढासाच आहे होय हा? आवाजावरून मला पैलवान वाटला होता." पहिल्या गाण्यालाच मला रडू आलं.

शेवटी त्याने बाबांवरचं गाणं घेतलं. तेव्हाच्या संपात, बंद काच कारखान्यात एकटा शिरून मालकाची भट्टी विझवायला गेलेला, तिथेच धुरात गुदमरलेला कामगार. सगळं सभागृह उभं राहून टाळ्यांचा ठेका धरत होतं. मीही. आई बसून राहिली. मला वाटलं, गुडघा.

बाहेर पडताना ती म्हणाली, "विझवायला नव्हते गेले गं ते."

दादा, हे कसं लिहावं मला कळत नाही. बाबा भट्टी जिवंत ठेवायला जात होते. मागच्या दाराने, रोज, चोरून. "भट्टी थंड पडली की काच आतच गोठते, भिंती तडकतात. मग संप जिंकून कामाला जायचं कुठे?" असं ते आईला म्हणायचे. सोबत्यांना कळलं असतं तर त्यांनी बाबांचं तोंडही पाहिलं नसतं. म्हणून एकटेच गेले, आणि पडले तेव्हा उचलायला कोणी नव्हतं.

मी आईवर चिडले. ती म्हणाली, "त्या गाण्यामुळे लोक तुम्हा पोरांना मान देत होते. तो कसा काढून घेऊ?"

मी तशीच परत आत गेले आणि गायकाला विचारलं. तो वाद्य पिशवीत भरत होता. "लोकांनी सांगितलं ते मी लिहिलं," म्हणाला. मग पिशवीची दोरी आवळली. "आता बदललं तर कोण म्हणेल ते?" मला त्याचा धड रागही आला नाही.

वहिनी सांगते, बुधवारी तू कारखान्यात शिरून भट्टी विझवणार आहेस, बाबांचं अर्धं राहिलेलं काम पुरं करायला. दादा, मी आजही संपाच्या बाजूची आहे. पण ते काम बाबांचं नव्हतं. जायचंच असेल तर स्वतःचं म्हणून जा. आणि तुझ्यावर गाणं झालं तर ते मी म्हणणार नाही.

आई शेजारी बसली आहे. काही लिहू का विचारलं, तर म्हणाली, "त्या दिवशी मी दाराला कडी लावायला हवी होती. एवढंच लिही."

बुधवारपर्यंत दाराकडे बघत बसलेली,
तुझी धाकटी